चुलीमागची पाच रोपं

माझ्या नावाची एक वनस्पती आहे. पुण्याच्या प्रोफेसरांनी तिची माहिती इंग्रजी मासिकात छापली. त्या पानाला काच लावून आमच्या रेंजर साहेबांनी ते ऑफिसात टांगलं आहे. खात्यात कोणी नवीन रुजू झालं की साहेब त्याला भिंतीकडे नेतात आणि म्हणतात, "हा आपला गिरधर. साधा गार्ड, पण शास्त्रात नाव लागलं त्याचं." मग तो नवा माणूस माझ्याकडे वळून नमस्कार करतो. तेवढा वेळ मी जमिनीकडे पाहत उभा राहतो. लोकांना तो विनय वाटतो.

ती लाज आहे. कशाची, ते लिहून ठेवतो. मी मराठी पाचवी शिकलेला माणूस आहे, तेव्हा जसं घडलं तसंच लिहिता येईल.

आमचं गाव सातपुड्याच्या पायथ्याला, चोपड्याहून चार कोस. गावापासून दीड कोस आत डोंगरात ऊनझिरा नावाची जागा आहे. तिथं जमिनीतून कढत पाणी येतं आणि कुंडात साठतं. कुंडाच्या काठाला शेंदूर लावलेला देव आहे, माघात त्याची जत्रा भरते. कुंडाच्या वरच्या अंगाला चार-पाच गाड्या उभ्या राहतील एवढी जमीन राखेच्या रंगाची आहे. तिच्यावर पांढरा खार फुटतो. भर पावसाळ्यातही तिथं गवत धरत नाही, आणि अनवाणी माणूस त्यावरून पळतच जातो.

माझ्या बायकोचं माहेर शिंदखेड्याकडचं. लग्न झालं तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. आम्हाला एक मुलगी झाली, ती सहा महिन्यांची होऊन गेली. पुढं मूल झालं नाही. थंडीत बायकोचे गुडघे धरायचे. मग ती शेजारणींबरोबर ऊनझिऱ्याला जाई. बाकीच्या कुंडावर कपडे धूत, तोवर ही त्या राखाडी जमिनीच्या कडेला घोंगडी टाकून पाय पसरून बसे. शेक लागायचा. तिथं बसल्या बसल्या तिला ते रोप दिसलं.

ही सन १९३५ च्या थंडीतली गोष्ट. संध्याकाळी जेवताना ती म्हणाली, "तठे एक झाड शे. जठे कायबी उगस नही, तठेच ते उगस."

मी म्हटलं, "असेल काहीतरी गवत."

"तुम्ही जंगलना गार्ड, आन गवत वळखू येस नही तुमले?"

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊनच गेली. त्या उघड्या जमिनीत दोन घोंगड्यांएवढा एक पट्टा हिरवट-पांढरा दिसत होता. मी तिथून शेकडो वेळा गेलो असेन, मला तो कधी दिसला नव्हता. जमिनीला चिकटून पसरलेलं बुटकं रोप. पानं अंगठ्याच्या नखाएवढी आणि त्यांवर पांढरी लव, जशी बोंडातल्या कापसाची. तिनं त्याला कापशी असं नाव ठेवलं होतं. एका रोपाची माती तिनं नखानं उकरून दाखवली. मुळं जांभळट होती आणि खाली न जाता चटईसारखी आडवी पसरली होती.

"हात ठेवा आठे," ती म्हणाली. "वीस मोजा."

मी रोपांच्या मध्ये तळहात टेकला. सतराला चटका कळला, विसाला हात उचलावा लागला.

"दहाले हात उचलना पडस, तठे हाई नही. पन्नास मोजाय जास, तठेबी नही. वीसवरच शे."

तवा किती तापला ते ती असंच तळहात जवळ नेऊन, मनात मोजून ठरवायची. तीच रीत तिनं जमिनीला लावली होती. सबंध पट्ट्याची कड तिनं हातानं मोजली होती. कुंडावर धुणं धुणाऱ्या बाया तिला हसल्या असतील. मीही हसलो.

थंडी सरता सरता तिला तितकं चालणं होईना. तेव्हा तिनं पट्ट्याच्या कडेची एक ढेप टोपलीत घालून घरी आणली. त्या ढेपेत सात रोपं होती. आमची चूल भिंतीपासून वीतभर पुढं आहे. मागचं सारवण उकरून तिनं त्या फटीत ऊनझिऱ्याची माती भरली आणि रोपं लावली. वर झरोका होता, त्यातून सकाळचं ऊन यायचं. चूल दिवसा जळायची, रात्री ती गोवरी राखेत पुरून ठेवायची म्हणजे सकाळपर्यंत निखारा राही. रोपं जगली. ती रोज सकाळी चुलीमागं हात ठेवून वीस मोजायची. कमी वाटलं तर लाकूड पुढं सारायची, जास्त वाटलं तर मागं ओढायची.

माझ्या दृष्टीनं ते बाईमाणसाचं खूळ होतं.

पुढच्या थंडीत, म्हणजे १९३७ च्या माघात, पुण्याहून प्रोफेसर मेहेंदळे आमच्या जंगलात झाडं गोळा करायला आले. रेंजर साहेबांनी मला त्यांच्याबरोबर दिलं. तिसऱ्या दिवशी साहेब मला म्हणाले, "गिरधर, काहीतरी वेगळं दाखव रे यांना. सगळं पाहिलेलंच निघतंय." तेव्हा मी त्यांना ऊनझिऱ्याला नेलं.

प्रोफेसर त्या पट्ट्यापाशी गुडघ्यांवर बसले आणि भिंगातून पाहू लागले. बराच वेळ ते उठले नाहीत. मग मान वर करून त्यांनी विचारलं, "हे कोणाच्या लक्षात आलं?"

तिथं रेंजर साहेब होते, त्यांचा कारकून होता, दोन गार्ड होते, आणि देवाची पूजा पाहणारे आमच्या भावकीतले उखर्डू आबा होते. एवढ्या पुरुषांत बायकोचं नाव कसं घ्यायचं? आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नाही आणि पुरुषही चारचौघांत बायकोचं घेत नाही. मी तिला घरातसुद्धा 'ऐकलं का' म्हणूनच हाक मारत असे. हे सगळं खरं आहे. पण ती सबब आहे हेही खरं. नाव न घेता सांगता आलं असतं.

मी म्हणालो, "माझ्या, साहेब."

"कसं काय आलं लक्षात?"

मग मी त्यांना हात ठेवून वीस मोजायला लावले. दहाची जागा दाखवली, पन्नासची दाखवली. प्रोफेसर लहान पोरासारखे हसले, म्हणाले, "वा! थर्मामीटर नसताना!" आणि त्यांनी ते डायरीत लिहून घेतलं. तिचं मोजणंसुद्धा मी माझं म्हणून दिलं.

जाताना ते म्हणाले, "हे नवीन निघालं तर शोधणाऱ्याचं नाव देण्याची पद्धत आहे, गिरधरराव." मला आयुष्यात कोणी राव म्हटलं नव्हतं.

घरी मी तिला सांगितलं की प्रोफेसरांना झाड आवडलं. कोणी दाखवलं हे बोलणं मी काढलं नाही, तिनंही विचारलं नाही.

फाल्गुनात प्रोफेसरांचं पत्र आलं. बी धरलेली वीस रोपं मुळासकट वाळवून पाठवावीत, ती निरनिराळ्या ठिकाणच्या तज्ज्ञांना दाखवायची आहेत. आणि खाली रेघ मारून लिहिलं होतं: निम्मी तरी जागेवर राहू द्या.

मी कुदळी घेऊन गेलो. वीस काढायची म्हणून सुरुवात केली. पण मुळं एकमेकांत गुंतलेली, एक ओढलं की चार उचलून येत. मधली काही तुटली, ती टाकून चांगली काढली. चाळीस झाली. मग मनात आलं, वीस मागितली तर साठ पाठवावीत, साहेबांना कळेल माणूस कसा आहे. दुपारपर्यंत पट्टा साफ झाला. जमीन नांगरल्यासारखी दिसत होती.

मी अंगणात जुने वर्तमानपत्राचे कागद पसरून, त्यात रोपं दाबून वर दगड ठेवत होतो तेव्हा ती दारात आली.

"बठ्ठंच उपटी आनं का?"

"गवतच आहे. पावसात परत येईल."

"आनी परत नही उनं मंग?"

"गार्ड तू का मी?"

मी खोटं बोलत नव्हतो. आमच्या खात्यात गवत दरवर्षी कापतात, वणव्यात जळतं, आणि आषाढात पुन्हा गुडघाभर होतं. वीस वर्षं मी तेच पाहत आलो होतो. उपटलेलं परत येतं हे मला सूर्य उगवण्यासारखं पक्कं होतं. बासष्ट रोपं मी दोन गठ्ठ्यांत बांधून पुण्याला पाठवली. रेंजर साहेबांनी पाठ थोपटली.

आषाढ आला, श्रावण आला. ऊनझिऱ्याच्या त्या जमिनीवर काही आलं नाही. ती गुडघ्यांना फडकी बांधून स्वतः जाऊन पाहून आली. घरातल्या सातांतली दोन रोपं नेऊन तिनं तिथं लावली, ती पावसाच्या पाण्यात कुजली. मग ती म्हणाली, "आते जे शे ते आठेच शे." आणि चुलीकडे बोट दाखवलं.

पाच रोपं उरली होती. तेव्हापासून दीड वर्षात आमची चूल एकच रात्र विझली. ती कुठं मुक्कामाला गेली नाही. भावाच्या मुलाच्या लग्नाला शिंदखेड्याला गेली, हळद लागली आणि लग्न न पाहता परत आली. भाऊ रागावला, त्यानं पुढं बोलावणं धाडलं नाही. ती एक रात्र चूल सांभाळायचं तिनं मला सांगितलं होतं. मी झोपलो. सकाळी राख गार होती आणि एका रोपाची पानं कडेनं काळी पडली होती. तिनं आल्या आल्या पाहिलं. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. थंडी लागली की ही रोपं मरतात, हे मला तेव्हाच डोळ्यांनी दिसलं होतं. पुढं मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

माघात त्या पाचांना बारीक पिवळी फुलं आली, पण बी धरलं नाही. घरात मधमाशी नाही, भुंगा नाही, बी कसं धरणार, असं ती म्हणाली. मग तिनं ठरवलं की येत्या माघात फुलं येऊ लागली की पाची रोपं मातीसकट उचलून ऊनझिऱ्याला न्यायची. तिथंच बी धरेल आणि तिथंच पडेल.

त्या माघाच्या आधी, मार्गशीर्षात, प्रोफेसरांचं पाकीट आलं. आत छापलेलं पान होतं. इंग्रजी आणि लॅटिन, मला काही वाचता येईना, पण एका शब्दावर त्यांनी लाल पेन्सिलीनं खूण केली होती आणि बाजूला मराठीत लिहिलं होतं: गिरधरी, तुमच्या नावावरून. पत्रात होतं, ही वनस्पती जगात दुसरीकडे कुठं सापडल्याची नोंद नाही. माघात मी फोटोवाल्याला घेऊन येतो, जिवंत रोपाचा फोटो जागेवरच घ्यायचा आहे.

मी ते तिला वाचून दाखवलं. ती पीठ मळत होती.

"तुमनं नाव दिधं?" ती हसली. "बरं झायं." मग थोड्या वेळानं म्हणाली, "मी दाखाडं व्हतं, हाई सांगं नही का तुम्ही?"

"चारचौघांत बायकोचं नाव घेऊ?"

"नाव कोन घेवाले सांगस? घरनी बाईनी दाखाडं, इतलं म्हनतात ते चालतं."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. पुढं ती म्हणाली, "फोटूवाला येस त्याना पहिले रोपं तठे लावनी पडतीन. तुम्हीच उचलज्यात, मन्हा गुडघा काम करत नही." मी हो म्हणालो. आता मी तिला मदत करीन, असं मी त्या दिवशी खरंच ठरवलं होतं.

पौषात तिला खोकला झाला आणि ताप चढला. पाच दिवस ताप उतरला नाही. चोपड्याहून डॉक्टर आणला, त्यानं छाती भरली आहे म्हणून सांगितलं. चौथ्या दिवशी ती मला म्हणाली, "चूल थंडी पडू देऊ नका." मी म्हटलं, "नाही पडू देत." पाचव्या दिवशी दुपारी ती गेली.

आमच्या भावकीत माणूस गेलं की त्या घरची चूल दहाव्यापर्यंत पेटत नाही. भाकरी भावबंदांकडून येते. नदीवरून परत आलो तेव्हा माझी थोरली बहीण तानुबाई अक्का स्वयंपाकघरात होती. तिनं चुलीतली जळती लाकडं बाहेर ओढली आणि निखाऱ्यांवर तांब्यानं पाणी ओतलं. वाफ उठली. मी दारात उभा राहून पाहत होतो. अक्का रडत होती, तिला दुसरं काही ठाऊक नव्हतं. मला सगळं ठाऊक होतं, आणि मी बोललो नाही.

सुतकात देवाच्या जागी पाऊल टाकता येत नाही, म्हणजे ऊनझिऱ्याला जाणं बंद. एखाद्याला सांगून रोपं तिकडे पाठवता आली असती. पण सांगायचं काय? तिथली सगळी रोपं मी उपटली, ही शेवटची पाच आहेत, आणि झाड माझं नाही, तिचं आहे, हे सगळं सांगावं लागलं असतं. गावात तोवर माझं नाव झालं होतं.

त्या वर्षी पौषात थंडी कडक होती. भेटायला येणारे लोक अंगणात शेकोटीभोवती बसायचे. गोवऱ्या आणि बाभळीची लाकडं सकाळपासून जळत असायची. मीही मुंडासं काढून तिथंच बसलेला. माझ्या पाठीमागं दहा पावलांवर ती पाच रोपं होती. रात्री मी तिची गोधडी नेऊन त्यांच्यावर घातली. सकाळी अक्कानं ती उचलली. गेलेल्या माणसाचं पांघरूण दान द्यायचं असतं. "हाई आठे कसाले टाकी रे?" तिनं विचारलं. मी म्हणालो, "पडली असेल."

सहाव्या दिवशी मला राहवेना. मी घमेलं घेतलं आणि शेकोटीतले निखारे फावड्यानं त्यात भरू लागलो. सात-आठ माणसं बसली होती.

चुलतभाऊ पुना म्हणाला, "इस्तो कोठे लई चालना रे, गिरधर?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. उखर्डू आबांनीही पाहिलं. आबा सत्तरीचे, त्यांच्यापुढं भावकीत कोणी बोलत नाही. ते म्हणाले, "काय रे बेटा, काय पाहिजे तुले?"

त्यांनी चांगल्या शब्दांत विचारलं होतं. मला वाटलं, बायकोची राख अजून गंगेत टाकली नाही आणि हा चुलीजवळ विस्तव नेतो, असं लोक म्हणतील. गवताला ऊब द्यायची आहे म्हटलं तर हसतील. मी निखारे परत शेकोटीत ओतले.

"काही नाही, आबा."

मी पुन्हा बसलो आणि हात शेकले.

दहाव्या दिवशी अक्का स्वयंपाकघर सारवायला घेणार होती. चुलीमागं काळी चिघळलेली पानं होती. बोटानं ओढली तर मुळासकट सुटून आली. अक्का म्हणाली, "कचरा शे तो, टाकी दे." मी तेवढी जागा सारवू दिली नाही. का, ते तिला सांगितलं नाही.

माघात प्रोफेसर आले. बरोबर फोटोवाला आणि त्याची पेटी. रेंजर साहेब आले, देवाचा दिवा लावायला उखर्डू आबाही आले. मी वाटेत खोटं जुळवून ठेवलं होतं. त्या मोकळ्या जमिनीपाशी पोहोचलो आणि प्रोफेसर इकडेतिकडे पाहू लागले तेव्हा मी म्हणालो, "यंदा थंडी फार पडली, साहेब. थंडीनं गेली रोपं."

प्रोफेसर खाली बसले, जमिनीवर हात ठेवला आणि हळू आवाजात मोजू लागले. विसाला त्यांनी हात उचलला आणि तळवा मला दाखवला. लाल झाला होता.

"इथं थंडी कशी लागेल, गिरधरराव?"

तिच्याच मोजणीनं मी पकडला गेलो. तिथं उभा राहून मी सगळं सांगितलं. बासष्ट रोपं कशी काढली ते सांगितलं. चूल, पाच रोपं, घमेलं, सगळं सांगितलं. शेवटी सांगितलं की हे झाड मला सापडलंच नव्हतं, माझ्या घरच्या बाईला सापडलं होतं.

"मी निम्मी ठेवा लिहिलं होतं ना?" प्रोफेसर म्हणाले.

"लिहिलं होतं."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली आणि त्या जमिनीकडे पाहत बसले. बोलले ते आबा.

"त्या दिन इस्तो याकरता लेत व्हता का तू?"

"हो, आबा."

"मंग सांगं का नही? रांधाले बंदी शे, शेकाले थोडीच शे? मन्हा हातवरी मी शेगडी पेटाडी देतू. दहा दिन बठ्ठा जन अंगनमा शेकी राहिंतात!" मग म्हणाले, "तुन्हा तोंडले काय कुलूप व्हतं का रे?"

ज्यांना घाबरून मी गप्प बसलो त्यांनी स्वतः विस्तव आणून दिला असता.

मी प्रोफेसरांना म्हणालो, "साहेब, ते छापलेलं नाव बदला. माझं काढा."

"ते बदलता येत नाही," ते म्हणाले. "नवीन झाडाला पहिल्यांदा रीतसर छापलेलं नाव कायम राहतं. चुकीच्या माणसाचं पडलं तरी राहतं. जगभर तोच नियम आहे."

"मग झाड गेलं आणि माझं नाव राहणार?"

"हो."

रेंजर साहेब मध्येच म्हणाले, "जाऊ द्या हो, बायको गेल्याचं दुःख आहे, म्हणून बोलतोय." प्रोफेसरांनी तिकडे लक्ष दिलं नाही. खिशातून पेन्सिल काढली. "पुण्याला तुमची बासष्ट रोपं कागदावर चिकटवून ठेवली आहेत. प्रत्येक कागदावर कोणी शोधलं त्याची चिठ्ठी असते. चिठ्ठी माझ्या हातातली आहे. त्यांचं नाव काय?"

तिथं पाच पुरुष होते. आबांनी मान फिरवून कुंडाकडे पाहिलं, बाया पाणी भरून जाताना पुरुष नजर वळवतात तसं.

"धुरपदाबाई," मी म्हणालो.

"पुन्हा सांगा."

"धुरपदाबाई."

सव्वीस वर्षांच्या संसारात मी ते नाव मोठ्यानं घेतलं नव्हतं. ती ऐकायला होती तेव्हा कधीच नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर पुण्याहून एक पुडी आली. वाळवलेल्या रोपांचे कागद झटकून प्रोफेसरांना अकरा बिया मिळाल्या होत्या, खसखशीहून लहान. त्यांनी लिहिलं होतं की वाळवताना बहुतेक मेल्या असतील, तरी पाहा. दिवाळीनंतर मी सहा बिया ऊनझिऱ्याला वीसच्या जागी टाकल्या आणि भोवती काट्यांचं कुंपण केलं. पाच चुलीमागं टाकल्या. त्या दिवशी पेटवलेली चूल अजून विझलेली नाही. भाकरी मीच करतो, अक्का म्हणते बाईसारखा चूल फुंकत बसतो. साहेबांनी माझी बदली सावद्याकडे, बढतीवर सुचवली होती. मी नको म्हणालो. त्यांना कारण सांगितलं, भिंतीवरचं पान काढायलाही सांगितलं. ते हसले आणि पान तिथंच राहिलं. नवीन माणूस आला की मी आता म्हणतो, "हे मला सापडलेलं नाही, आमच्या धुरपदाबाईंना सापडलं." तो साहेबांकडे पाहतो, साहेब डोळ्यांनी खूण करतात, आणि तो मला तरीही नमस्कार करतो.

ऊनझिऱ्याला काही आलं नाही. उखर्डू आबा रोज सकाळी एक गोवरी घेऊन येतात. ती चुलीत सारतात, मग खाली वाकून चुलीमागं हात ठेवतात आणि मोठ्यानं मोजतात. मी भाकरी थापत ऐकत असतो. आज सन १९४० चा माघ आहे, तिच्या रोपांना या दिवसांत फुलं यायची. आबांनी आजही वीस मोजले आणि हात उचलला.

"बराबर शे," ते म्हणाले.

ऊब बरोबर आहे. माती अजून मोकळीच आहे.